बारा वावांवरची गाठ

शौकत होडेकरने स्टीलचा पेला माझ्यापुढे धरला. "राजनभाऊ, पिऊन सांगा," म्हणाला. पेला गच्च भरला होता आणि पाणी काठावरून त्याच्याच मनगटावर सांडत होतं.

"काय सांगू?"

"आधी प्या."

मी प्यायलो. विहिरीचं पाणी होतं. गार, किंचित मातकट. "चांगलं आहे की."

"खारट लागलं?"

"नाही."

"शपथ घ्या."

"अहो शौकतभाई, पाण्याची कसली शपथ?"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्याने पेला माझ्या हातातून घेतला, उरलेला घोट स्वतः घेतला, तोंडात घोळवला आणि वाळूत थुंकला. "मला लागतंय," तो म्हणाला. "जिभेच्या मागच्या बाजूला. चार दिवसांपासून."

हा फेब्रुवारी २००९ मधला मंगळवार होता. मी शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका छोट्या ड्रिलिंग कंपनीत खरेदी आणि प्रशासन बघत होतो. साइटवर त्या दिवशी गेलो होतो ते उरलेल्या अवजारांची यादी करायला. मंदीत कंपनी किती दिवस चालेल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या ऑफिसात ऑक्टोबरपर्यंत एकवीस माणसं बसत, आता सात बसत होतो. रिकाम्या टेबलांवरचे फोन वाजायचे आणि आपोआप बंद व्हायचे.

साइट रास अल खैमाच्या अलीकडे, समुद्रापासून चारेक किलोमीटर आत होती. एका मोत्यांच्या व्यापाऱ्याची जुनी हवेली, भोवती खजुराची बाग, कोठारं, उंटांचे गोठे. सगळं पोवळ्याच्या दगडाचं आणि चुन्याचं, भिंती हातभर जाड, वर हवा खाली ओढणारा चौकोनी मनोरा. व्यापाऱ्याचा मुलगा अहमद याने तिथे चौदा नवी घरं करायचं ठरवलं होतं. परवानगी मिळाली ती एका अटीवर: जुन्या भिंतींना भोक पाडायचं नाही आणि बाहेरून एसीचा एकही डबा दिसता कामा नये. म्हणून जमिनीत चाळीस बोअर मारायच्या, प्रत्येक नव्वद मीटर खोल. प्रत्येकात पाइपाचा एक लांब वेढा सोडायचा आणि त्यातून पाणी फिरवत ठेवायचं. वर अठ्ठेचाळीस अंश ऊन असलं तरी खाली जमीन तीस-एकतीस अंशांवर असते. उन्हाळ्यात घरातली उष्णता ते पाणी खाली नेऊन टाकतं, जानेवारीच्या थंडीत खालची ऊब वर आणतं. बोअर मारायचं काम आमच्याकडे होतं आणि शौकत आमचा मुख्य ड्रिलर.

तो माझ्याच वयाचा, म्हणजे तेव्हा पंचेचाळीसचा. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातला. होडेकरांच्या घरात तीन पिढ्या विहिरी खणायचं आणि उपसायचं काम. त्याचे वडील विहिरीची खोली फुटांत सांगत नसत. दोन्ही हात पसरून दोरी मापायची ती एक वाव. मच्छीमारांचं हे माप त्यांनी विहिरीला लावलं आणि शौकतने ते आखातात आणलं.

त्याची कामाची एक पद्धत होती. दर तीन मीटरला यंत्राला नवा रॉड जोडावा लागतो. तेवढ्या वेळात तो वर आलेल्या चिखलाच्या पाण्यात बोट बुडवून चाखायचा. पाणी ज्या खोलीवर खारट लागेल तिथे सुतळीला गाठ मारायचा. चाळीस बोअरच्या चाळीस सुतळ्या. साइटच्या केबिनमध्ये खिळ्यांना ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. आमचा पुण्याचा इंजिनियर निखिल त्याला चिडवायचा, "शौकतभाई, पोट बिघडेल."

"माझं नाय बिघडत साहेब. तुमचं मशीन बिघडतं, दर आठवड्याला."

निखिल हसायचा, पण त्याने त्या गाठी कागदावर उतरवून घेतल्या होत्या. वर गोड पाण्याचा पातळ थर, त्याखाली समुद्राचं खारं पाणी. दोन्हींची हद्द बहुतेक बोअरमध्ये बारा वावांवर, म्हणजे बावीस मीटरच्या आसपास. त्या गोड थरातच अहमदच्या आईची विहीर होती, चौदा मीटर खोल. बाग त्या विहिरीवर जगत होती आणि म्हातारी आयुष्यभर तेच पाणी प्यायली होती. तिला सगळे उम्म अहमद म्हणत, अहमदची आई. चौदांपैकी एक घर तिचं ठेवायचं होतं, विहिरीसमोरचं.

काम सुरू करण्याच्या दिवशी, ऑक्टोबरमध्ये, शौकत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला होता. मी तिथे होतो. होडेकरांचा रिवाज असा: कुणाच्या विहिरीजवळ हत्यार टेकवण्याआधी मालकासमोर तिचं पाणी प्यायचं आणि काम संपल्यावर पुन्हा मालकासमोर प्यायचं. चव तीच लागली तरच काम झालं म्हणायचं. उम्म अहमदला हिंदी येत होती. तिचा नवरा मोती विकायला मुंबईला जायचा तेव्हा ती दोन वर्षं तिथे राहिली होती.

"और बदल गया तो?" तिने विचारलं होतं.

"तो मैं नहीं जाऊँगा, अम्मा. यहीं बैठूँगा."

ती तोंडावर ओढणी धरून खूप हसली होती.

आता पेला रिकामा करून शौकत वाळूत उकिडवा बसला होता. "भाऊ, त्या सहा बोअर," तो म्हणाला.

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या सहांमध्ये माझाही हात होता.

पाइप सोडल्यावर बोअरमधली उरलेली पोकळी भरावी लागते. त्यासाठी बेंटोनाइट नावाची माती वापरतात. सिमेंटबरोबर पाण्यात कालवून ती तळापासून वर पंपाने भरत आणायची. ती फुगते आणि फट घट्ट बंद करते, म्हणजे खालचं पाणी वर येत नाही. चौतीस बोअर तशा भरून झाल्या होत्या. जानेवारीत निखिलला नोटीस मिळाली. दोन आठवड्यांत तो आणि त्याची बायको अस्मिता सोफा, फ्रिज शेजाऱ्यांना देऊन पुण्याला गेले. त्याच्या जागी आलेल्या नव्या मॅनेजरने मला मेल केला: बेंटोनाइटची शेवटची ऑर्डर रद्द करा. मी केली. का, हे विचारलं नाही. त्या महिन्यात कोणी काही विचारत नव्हतं. विचारणाऱ्याचं नाव पुढच्या यादीत जायचं, असं आम्हाला वाटायचं.

शौकतने मात्र मॅनेजरला विचारलं. "साहेब, या सहा बोअर विहिरीच्या बाजूच्या आहेत. कशाने भरू?"

"वाळूने. नव्वद मीटर खाली वाकून कोण बघणार आहे?"

"खारं पाणी वर येईल."

"व्हिसा कॅन्सल करून हवाय का?"

शौकतने सहा बोअर वाळूने भरल्या. मॅनेजरने काम पूर्ण झाल्याच्या कागदावर त्याची सही घेतली. १९ मार्चचं त्याचं घरी जायचं तिकीटही हातात दिलं.

"मी घाबरलो भाऊ," शौकत म्हणाला. "आणि घाबरून तेच केलं, जे एकदा केलं होतं."

ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. १९८९ साली त्याचा थोरला भाऊ याकूब कुवेतहून आला आणि त्याने मोहल्ल्याच्या विहिरीशेजारी खोल बोअर मारली. यंत्र शौकतच चालवत होता. खाडी जवळ होती. पुढच्या मे महिन्यात मोहल्ल्याची विहीर मचूळ झाली आणि बायका हंडे घेऊन पलीकडच्या वाडीत जायला लागल्या. कोणी भांडलं नाही. फक्त तिथल्या विहिरीवर त्याच्या आईला कोणी पुढे होऊ देईना. सगळ्यांचं भरून झाल्यावर तिची पाळी. याकूब मुंब्र्याला राहायला गेला, परत आला नाही. आई मात्र मरेपर्यंत शेवटी उभी राहायची.

"ती विहीर आजही तशीच आहे," शौकत म्हणाला. "वीस वर्षं झाली."

मी वाणिज्य शाखेचा माणूस. जिभेपेक्षा आकड्यावर माझा विश्वास. दुसऱ्याच दिवशी मी पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र विकत घेतलं.

"एकशेवीस दिऱ्हाम?" माझी बायको मंजुषा म्हणाली. "म्हणजे सोळाशे रुपये! नोकरीचं काय होतंय ते माहीत नाही आणि तुम्ही पेनं घेताय."

विहिरीचं पाणी मी बाटलीत भरून आणलं होतं. तीन वाट्या मांडल्या: एक त्या पाण्याची, एक नळाची, एक विकतच्या बाटलीची. कुठली कुठली ते सांगितलं नाही. मंजुषाला तिन्ही सारख्या लागल्या. माझी मुलगी शुभ्रा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने मधली वाटी खाली ठेवली आणि तोंड वाकडं केलं. "धिस वन टेस्ट्स लाइक अ कॉइन, बाबा."

ती विहिरीची होती.

माझ्या फाइलमध्ये काम सुरू होण्याआधीचा पाण्याचा रिपोर्ट होता, निखिलने करून घेतलेला. त्यात क्षारांचा आकडा होता ६४०, लिटरला तेवढे मिलिग्रॅम. त्या रात्री माझ्या यंत्राने दाखवले ६९०. चार दिवसांनी ७४५. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ८३०. शौकत रोज सकाळी मला फोन करायचा, सलाम नाही, नमस्कार नाही, फक्त "आज जास्त आहे". आणि मी जाऊन मोजलं की आकडा खरंच वाढलेला असायचा. तो जेवेनासा झाला. पाण्याची चव कळायला जीभ साफ राहिली पाहिजे म्हणून त्याने चहा सोडला, मिरची सोडली. नुसता भात आणि दही खायचा. गाल बसले. उम्म अहमद खिडकीतून त्याला विहिरीवर बघायची आणि विचारायची, "शौकत, बीमार है क्या?" तेव्हा तो मान हलवून तिथून निघून जायचा.

"तिला अजून कळलं नाही," तो मला म्हणायचा. "म्हाताऱ्या माणसाची जीभ मंद होते. पण खजुराला कळणार, भाऊ. झाड फसत नाही."

मीही घाबरलो होतो आणि माझी भीती त्याच्याहून साधी होती. कागदावर सही शौकतची, ऑर्डर रद्द केल्याचा मेल माझ्या नावाचा. पोलीस आले तर आम्हा दोघांकडे येणार होते. मॅनेजर ३ मार्चला सुट्टीवर म्हणून गेला आणि त्याचा फोन बंद लागू लागला. त्या दिवसांत पासपोर्ट अडकलेल्या माणसांच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. मी मंजुषाला काही सांगितलं नाही. ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोणी अनोळखी माणूस शिरला की मी पुढच्याच मजल्यावर उतरायचो.

"१९ तारखेला विमानात बसा," मी एकदा शौकतला म्हणालो. "कोण शोधत येणार आहे रत्नागिरीला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि केबिनमधल्या सहा सुतळ्या खिळ्यांवरून उतरवल्या. त्या माझ्यापुढे धरून म्हणाला, "एक उपाय आहे. बोअर पूर्ण उकरायला नको. गाठीपर्यंत गेलं तरी पुरे."

त्याचं म्हणणं सरळ होतं. खारं पाणी कुठून सुरू होतं ते सुतळीवर होतं. सहा बोअरमधली वाळू पाण्याच्या जोराने धुऊन वर काढायची, गाठीच्या चार वाव खालीपर्यंत. मग तिथून वर बेंटोनाइटने बंद करायची. पाइप तसेच राहतील. पंप आणि होज कंपनीच्या यार्डात होते. बेंटोनाइट नव्हतं.

ते मिळालं दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामात. तिथला स्टोअरकीपर अफनान हा शौकतच्या गावचा. आम्ही पिकअप घेऊन गेलो तेव्हा तो गोणीवर बसून पेंगत होता. मागे छतापर्यंत रचलेला माल, सगळा बंद पडलेल्या कामांचा.

"किती गोणी पाहिजेत, शौकतचाचा?"

"साठ. पण चिठ्ठी नाय माझ्याकडे."

"चिठ्ठी दाखवायची कोणाला? मालक कॅनडात, इंजिनियर केरळात, मी इथे. यल्ला, उचला." मग त्याने शौकतला नीट पाहिलं. "चाचा, तुम्ही वाळलात किती! चाचीने बघितलं तर मलाच धरेल."

१३ मार्च, शुक्रवार. साइटला सुट्टी. रखवालदार जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. शौकतने त्या दिवशी जुम्म्याची नमाज चुकवली होती आणि त्याबद्दलही तो अस्वस्थ होता. आम्ही दोघं आणि ड्रिलिंगचे दोन मजूर. मी आयुष्यात कधी पाना हातात धरला नव्हता. त्या दिवशी मी होज धरला. कोणाच्याही परवानगीशिवाय पूर्ण झालेलं काम आम्ही उकरत होतो. थांबलेल्या साइटवरून पाइप आणि केबल चोरीला जायचे ते दिवस. रस्त्यावर गाडी वाजली की आमचे हात थांबत.

शौकत सुतळी बोअरच्या तोंडाशी धरायचा, गाठ बघायचा, होज तेवढा खाली सोडायचा. वाळू उसळून वर यायची. तो त्यातलं पाणी चाखायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दुपारी दोनपर्यंत चार बोअर झाल्या. पाचवीची वाळू निघत असताना फाटकातून पांढरी गाडी आत आली.

अहमद उतरला. त्याने चिखल बघितला, उघडलेली तोंडं बघितली, माझी चिखलाने भरलेली पॅन्ट बघितली. तो इंग्रजीत बोलायचा, आवाज न चढवता. कोणी सांगितलं तुम्हाला हे उघडायला?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आठवडाभर मी ते पाठ केलं होतं: देखभालीची तपासणी आहे, कागद सोमवारी देतो. मी तोंड उघडलंसुद्धा. पण शौकत तेवढ्यात विहिरीकडे चालू लागला होता. त्याने बादली ओढली, पेला भरला आणि उम्म अहमदच्या दाराकडे निघाला. मी मागे धावलो. "शौकतभाई, थांबा. दोन बोअर राहिल्यात. नंतर सांगू." तो थांबला नाही. त्याच्या चपला चिखलात अडकून राहिल्या होत्या, तो अनवाणीच चालत होता.

ती दारातच उभी होती. गाडीचा आवाज ऐकून आली असावी. शौकत तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"अम्मा, पानी बदल गया है. मेरे हाथ से."

अहमद काही बोलायला पुढे आला. तिने बोट वर केलं. पेला घेतला, प्यायली, पुन्हा प्यायली. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात पोलीस ठाणं, मंजुषा, शुभ्राची शाळा, सगळं येऊन गेलं. शौकत जमिनीकडे बघत होता.

"मुझे लगा मेरी ज़बान बूढ़ी हो गई," ती म्हणाली. मग विचारलं, "कितना बाकी है?"

"दो."

"पहले पूरा करो."

अहमदने तिच्यासाठी खुर्ची आणली. ती बागेत खुर्चीवर बसून राहिली आणि आम्ही तिच्या डोळ्यांसमोर उरलेल्या दोन बोअर धुतल्या, कालवलेली माती सहाही बोअरमध्ये भरली. तिसऱ्या प्रहरी अहमदने स्वतः बाह्या सरसावून गोण्या फोडायला सुरुवात केली. तो रागातच होता. प्रत्येक गोणीगणिक अरबीत काही तरी पुटपुटायचा आणि मजूर एकमेकांकडे बघायचे.

शेवटची बोअर तोंडापर्यंत भरली तेव्हा ऊन उतरलं होतं. शौकत हातपाय धुऊन तिच्यापुढे आला. खिशातून त्याने १९ मार्चचं तिकीट काढलं.

"तूने क्या कहा था?" तिने विचारलं.

"यहीं बैठूँगा."

"तो बैठ." तिने तिकीट घेतलं आणि पेल्याखाली ठेवलं. "जैसा लिया था, वैसा दे. फिर जा."

आमची कंपनी जूनमध्ये बंद झाली. मला दुबईत दुसरीकडे नोकरी लागली. अहमदने शौकतचा व्हिसा आपल्या नावावर घेतला, पंपाची खोली सांभाळायला. त्या यंत्रणेतलं कळणारा तो एकटाच उरला होता, त्यामुळे अहमदचीही सोय झाली. मला मात्र ती शिक्षा वाटायची. पहिल्या सहा महिन्यांत आकडा उतरायचं नाव घेईना. ९१०, ९०५, ९२०. उम्म अहमदने बागेचा पंप बंद ठेवला, विहिरीतून फक्त पिण्याचं पाणी काढायचं असा नियम केला. बागेला टँकर येऊ लागला. तरी ऑगस्टमध्ये दोन खजूर वाळले. ते तोडले त्या दिवशी शौकत विहिरीकडे गेलाच नाही. मला फोन करून म्हणाला, "आज तुम्ही येऊन बघा. माझ्याने होत नाय."

त्याची बायको मैमुनाबी मला फोनवर बोलायची. "भाऊजी, तुमच्या दोस्ताने विहिरीशी निकाह लावलाय काय? इन्शा दहावीला बसली, बापाला तारीख माहीत नाय."

मी शौकतला सांगायचो. तो म्हणायचा, "इन्शाल्ला, या हिवाळ्यात." त्या हिवाळ्यात डिसेंबरमध्ये दोन दिवस पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी आकडा ८६० होता. मी त्याचं अभिनंदन केलं. "पाऊस वरचा आहे भाऊ," तो म्हणाला. "खालचं काय, ते उन्हाळ्यात कळेल." उन्हाळा आला, आकडा चढला नाही. तरी त्याची भीती गेली नाही. ७९०, ७४०. जसजसं पाणी सुधारत होतं तसतसा तो जास्तच घाबरत होता. पुन्हा बिघडलं तर, हा एकच प्रश्न. दरम्यान घरांत माणसं राहायला आली होती. भिंतींच्या आत गारवा असायचा आणि कुठेही आवाज नसायचा. त्या लोकांना ते सगळं आवडायचं. शौकत त्यांच्या दारांवरून विहिरीकडे जायचा तेव्हा मान खाली असायची.

फेब्रुवारी २०११ मधल्या एका शुक्रवारी उम्म अहमदने मला बोलावून घेतलं. विहिरीजवळ खुर्ची मांडली होती. शौकतने पाणी काढलं, तिच्यासमोर प्यायला, बराच वेळ तोंडात धरलं. मग पेला माझ्याकडे दिला. मी पेन बुडवलं.

"सहाशे अठ्ठेचाळीस."

"आठ जास्त आहेत," शौकत म्हणाला.

अहमद हसला. "हबीबी, यंत्रच वीस इकडे-तिकडे दाखवतं."

"होते ते सहाशे चाळीस. अजून आठ आहेत. अम्मा, अजून एक हिवाळा."

मग तिने हात पुढे करून पेला मागितला आणि तळापर्यंत प्यायली. "वो आठ मैं पी लूँगी," ती म्हणाली. "खलास. तू घर जा."

अहमदने नवं तिकीट काढलं होतं. उम्म अहमदने जुनंही आणून दिलं. त्यावर पेल्याच्या बुडाची गोल खूण उमटली होती. शौकतने दोन्ही खिशात ठेवली.

त्यानंतर त्याने बोअर मारली नाही. गावात तो विहिरी उपसून देतो. मोहल्ल्याची ती विहीर अजून मचूळच आहे. उम्म अहमद २०१६ साली गेली. तिच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं आणि विकतच्या बाटल्यांचं पाणी पितं. पंपाच्या खोलीत चाळीस सुतळ्या टांगलेल्या आहेत. अहमद त्यांना हात लावू देत नाही. महिन्यातून एकदा मी तिथे जातो. आधी घोट घेतो, मग पेन बुडवतो, हा क्रम शौकतने घालून दिलेला. हे माझं तिसरं पेन. तिथूनच त्याला फोन लावतो. इतक्या वर्षांत त्याने फोन उचलून पहिला शब्द दुसरा कुठला उच्चारलेला नाही.

"किती?"

गेल्या महिन्यात मी म्हणालो, "सहाशे पंचावन्न."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "मागच्या वेळी बावन्न होते."

"यंत्र वीस इकडे-तिकडे दाखवतं, शौकतभाई."

"जिभेला काय लागलं?"

"काही नाही."

"शपथ?"

"शपथ." एवढ्या वर्षांत मी शपथ घ्यायला शिकलो आहे. मग जे सांगायचं टाळत होतो ते सांगितलं. "मी मार्चमध्ये निवृत्त होतोय. आम्ही पुण्याला परत येतोय."

"मग बघणार कोण?"

"अहमदला शिकवतो."

"अहमद सिगारेट ओढतो. त्याला काय चव लागणार?" त्याचा श्वास जोरात ऐकू येत होता. "भाऊ, मग मीच येतो. तिकीट आहे माझ्याकडे."

"कुठलं तिकीट?"

"१९ मार्चचं."

मला हसू आलं आणि तो गंमत करत नाही हे त्याच क्षणी कळलं. मागून मैमुनाबीचा आवाज आला, "आधी तो फोन ठेवा! ठेवा म्हणते ना!"

त्याने ठेवला नाही. "पुन्हा एकदा बुडवा, भाऊ," तो म्हणाला. "मी थांबतो."